येळवसेला घरी पोचायचं: मामांसोबत मराठवाड्यात पाच दिवस

दिवाळीनंतर मामांचा फोन आला. २०२५ च्या सप्टेंबरात मांजरा नदी शेतात शिरली, तेव्हापासून ते फारसे बोलतच नव्हते. कळंब तालुक्यात त्यांची सहा एकर जमीन आहे. नदीकडची दीड-दोन एकर खरडून गेली, खालचा मुरूम उघडा पडला, सोयाबीन तर गेलंच. या वेळी मात्र आवाजात थोडी धुगधुगी होती. "पोरी, सोयाबीन पुरे झालं. दुसरं काय जमंल ते बघायचंय. मोबाईलमधलं दावू नको, चल, डोळ्यानं बघू."

मी पुण्याजवळ एका कृषी तंत्र विद्यालयात शिकवते. नोकरीच्या सुरुवातीला परदेशी मदतीच्या एका प्रकल्पात होते. गावात हवामान मोजायची चांगली यंत्रं बसली, पाहुणे आले, फोटो निघाले. प्रकल्प संपल्यावर तिसऱ्या वर्षी मी परत गेले तेव्हा त्या खांबाला म्हैस बांधलेली होती. यंत्रात खोट नव्हती, पण ते दुरुस्त करायला गावातल्या एकालाही शिकवलं नव्हतं. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून कधी गेलं नाही. म्हणून मामांना म्हटलं, पिकं तुम्ही बघा, पण जाऊ या अशा ठिकाणी जिथे शेतीत बाहेरच्या देशांचा हात लागलाय. ते लोक परत गेल्यावर मागे काय राहिलं, ते मला बघायचंय.

संभाजीनगर, जालना, परभणी, अंबाजोगाई आणि मग घर, असा पाच दिवसांचा बेत ठरला. मामींनी फोनवरच बजावलं, "येळवस चुकवली तर दोघांनाबी दारात घेणार न्हाई." येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडे घरात कोणी जेवत नाही, सगळं गाव रानात असतं.

पहिला दिवस: हिमायतबाग

रात्रीच्या बसने मी पहाटे संभाजीनगरला उतरले. मामा आदल्या रात्रीच येऊन नातेवाइकांकडे राहिले होते. गाडी भाड्याने ठरवलेली होती. थंडी चांगलीच होती, मामांनी कानाला मफलर गुंडाळलेला.

हिमायतबाग ही मुघलकालीन बाग. आता इथे परभणीच्या कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे आणि त्यातच भारत-इस्राएल कृषी प्रकल्पातलं केसर आंब्याचं गुणवत्ता केंद्र. दोन देशांचा शेतीचा करार १९९३ चा. पुढे २००६ च्या करारानंतर देशभर अशी केंद्रं उभी राहिली. महाराष्ट्रात चार: नागपूरला संत्रा-मोसंबी, राहुरीला डाळिंब, दापोलीला हापूस आणि इथे केसर. केसर मूळचा जुनागढचा, पण मराठवाड्याच्या कोरड्या हवेत तो असा रुळला की 'मराठवाडा केसर' या नावाने त्याला भौगोलिक मानांकनही आहे.

आत गेल्यावर मामा पहिल्यांदा थांबले ते एका जुन्या झाडापाशी. मोठ्या फांद्या कापलेल्या, कापाच्या तोंडाला बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) लावलेली, आणि त्यातून नवा फुटवा वर आलेला. वीस-पंचवीस वर्षांचं झाड उंच जातं, फळ शेंड्याला लागतं, आत ऊन पोचत नाही. ते उतरवून पुन्हा लहान करायचं आणि नव्या बागेत झाडं पहिल्यापासूनच जवळजवळ लावून छाटणीने बुटकी ठेवायची, हा इथल्या शिकवणीचा गाभा. खालून हात पुरेल एवढंच झाड. फवारणी नीट बसते आणि फळ न आपटता उतरतं.

आम्हाला बाग दाखवणारे काका तिथे बरीच वर्षं काम करत होते. छाटणी त्यांना कोणी शिकवली, असं मी विचारलं. "सायबांनी दाखवली, सायबाला बाहेरच्यांनी दाखवली. पण त्यांच्याकडं पाऊस हिवाळ्यात पडतो, ताई. आपल्याकडं आंबा उतरला की डोक्यावर पाऊस. ताज्या कापावर पाणी बसलं की बुरशी धरती. म्हणून आम्ही पेस्टला उशीर करत नाही. कापली फांदी की लावली पेस्ट, जेवायला नंतर." ही एवढी गोष्ट कोणत्या करारात लिहिलेली असेल असं मला वाटत नाही.

काका बोलत होते तेवढ्यात मामा वाकले. ठिबकच्या नळीचा एक जोड गळत होता. त्यांनी नळी ओढली, टोक नखाने साफ केलं, जोड पुन्हा दाबून बसवला आणि पायजम्याला हात पुसत पुढे चालू लागले. ठिबकच्या नळ्या बनवणारी कंपनी निघाली १९६५ मध्ये, इस्राएलच्या वाळवंटातल्या हात्झेरीम या वसाहतीत. साठ वर्षांनी माझा सातवी शिकलेला मामा तो जोड न बघता बसवतो. ठिबक शिकायला तो कुठल्याच प्रशिक्षणाला गेलेला नाही. दुकानदाराने सांगितलं, शेजाऱ्याने दाखवलं, उरलेलं चुकत चुकत आलं.

आंब्याबद्दल मामांचं मत मात्र गाडीत बसल्यावर कळलं. "चांगलाय. पण माझ्या वयाला चार-पाच वर्सं थांबायचं कुणी?"

संध्याकाळी शहरात गरम इमरती खाल्ली. मामा माळकरी, त्यामुळे नान खलिया या इथल्या मटणाच्या पदार्थाची फक्त गोष्ट ऐकली.

जाणार असाल तर कामाच्या दिवशी आणि आधी फोन करून जा. रोपं हवी असतील तर मे-जूनमध्ये चौकशी करा. डिसेंबरात फक्त बघणं होतं, पण छाटणीचे काप आणि त्यावरचा फुटवा बघायला हाच काळ बरा.

दुसरा दिवस: बदनापूर, कडवंची

जालन्याच्या रस्त्यावर बदनापूर लागतं. तिथलं कडधान्य संशोधन केंद्र तुरीसाठी प्रसिद्ध आहे. 'बीडीएन ७११' ही पांढरी, लवकर येणारी तूर इथलीच. मामा ती बरीच वर्षं पेरतात. फाटकापाशी उभं राहून ते म्हणाले, "हिचं माहेर हाय व्हय हे!" आणि आम्ही पुढे निघालो, कारण मला दिवस कडवंचीत घालवायचा होता.

कडवंची हे जालना तालुक्यातलं गाव. चारी बाजूंनी कोरडवाहू रान आणि मध्येच द्राक्षाचे मांडव सुरू होतात. या गावाची गोष्ट जर्मन पैशाने सुरू झाली. १९९२ पासून महाराष्ट्रात भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम चालू झाला. त्यामागे नगर जिल्ह्यात आयुष्य घालवलेले स्विस धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांची खटपट होती. पैसा जर्मनीच्या 'केएफडब्ल्यू' बँकेचा, तो नाबार्डमार्फत यायचा. कडवंचीत १९९६ मध्ये काम सुरू झालं ते खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या हातून.

ज्यांच्या बागेत आम्ही गेलो ते दादा तेव्हा विशीतले होते. अटी त्यांना तोंडपाठ होत्या: आधी श्रमदान, मग पैसा. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. काम माथ्यापासून सुरू, पायथ्याला शेवटी. "लोकांना वाटायचं, पाणी खाली लागतंय अन् हे वर डोंगरात चर खांदायलेत. माझे वडील म्हणायचे, येडे झाले हे." मग काही पावसाळ्यांनी विहिरींचं पाणी उन्हाळ्याकडे सरकत गेलं, तसा वडिलांचा सूर बदलला. आधी कापूस-मोसंबी होती, हळूहळू द्राक्षं आली. २०१२ च्या दुष्काळात आसपासच्या बागा वाळत असताना या गावाची द्राक्षं टिकली, आणि मग लोक बघायला येऊ लागले.

दादांच्या आई ओट्यावर बसून तूर निवडत होत्या. मी त्यांच्याजवळ टेकले. बांध घालताना बायका होत्या का, असं विचारलं तर त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. "बायकाच होत्या जास्ती. गडी दोरी धरायचे, आम्ही खांदायचो." मग त्यांनी मला चर कसा आखायचा ते हाताने दाखवलं. दोन काठ्या, मध्ये पाण्याची पारदर्शक नळी. दोन्हीकडे पाणी सारखं आलं की ती समपातळी, तिथे फक्की टाकायची. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी शिकलेलं त्या बाईला जसंच्या तसं येत होतं. गावात नवा बांध फुटला तर अजूनही तिच्याच वयाच्या दोघी-तिघी जाऊन रेषा बघतात, असं सुनेने सांगितलं.

द्राक्षाचा मणी डिसेंबरात वाटाण्याएवढा असतो. विरळणी चालू होती. एका घडातले जादा मणी कात्रीने काढायचे म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. मामांनी कात्री मागितली, चार घडांवर हात चालवला, पाचव्याला मुख्य दांडाच कापला गेला. दादांनी काही म्हटलं नाही, पण मामांनी कात्री लगेच परत केली आणि पुढचा अर्धा तास नुसते त्या कामकरी बायकांच्या बोटांकडे बघत उभे राहिले.

जेवण मांडवाखालीच झालं. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, तिळाची चटणी आणि शेवटी वाटीभर गूळ-तूप. अशी चव मला पुण्यात वर्षभर मिळालेली नाही.

एक गोष्ट मात्र खटकली आणि ती लिहिणं भाग आहे. गावात प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेततळी शेकड्यांनी आहेत. त्यांत पावसाचं पाणी साठतं तेवढं ठीक. पण पुष्कळ ठिकाणी विहिरीतून उपसून तळं भरलं जातं. माथ्यावर सगळ्या गावाने मिळून मुरवलेलं पाणी असं एकेकाच्या कागदावर येऊन बसतं, आणि उन्हाने उडतं ते वेगळंच. मी दादांना हे विचारलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. "बरोबर हाय तुमचं. पण बँकेचं कर्ज बागेवर हाय. पाणी डोळ्याला दिसलं नाही तर झोप येत नाही." त्यांचा नाइलाज मला कळला, तरी माझं मत बदललं नाही. पाणी मुरवायचे नियम बसवणाऱ्या कार्यक्रमाने उपशाचे नियमही तेवढ्याच नेटाने बसवायला हवे होते.

मुक्काम जालन्यात. या दिवसांत जालन्यात मोसंबी मुबलक असते, रस्त्यावर थांबून ज्यूसऐवजी नुसती सोलून खा.

तिसरा दिवस: परभणी

सकाळी लवकर निघालो. मंठ्याच्या पुढे धुकं एवढं होतं की गाडी वीसच्या वर जात नव्हती. एका टपरीवर धपाटे आणि दही मिळालं. मामांनी तीन खाल्ले.

परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ चं. त्याच वर्षी हैदराबादजवळ पाटणचेरूला 'इक्रिसॅट' ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली, आणि दोघांचा धागा इथे दर वळणावर लागतो. पावसाळ्यात मामांचे शेजारी 'बीबीएफ'वर, म्हणजे रुंद वरंबा-सरीवर, सोयाबीन टोकतात. ती पद्धत काळ्या भारी जमिनीसाठी इक्रिसॅटने सत्तरच्या दशकात बसवली. या सप्टेंबरच्या पावसात वरंब्यावरच्या पिकाचं पाणी सरीतून निघून गेलं आणि सपाट रानातलं पीक पिवळं पडलं, हे मामांनी स्वतः पाहिलेलं. नदी आली तिथे मात्र कशाचाच इलाज नव्हता.

ज्वारीच्या विभागात 'परभणी शक्ती'चं बी हातात घेतलं. इक्रिसॅट आणि या विद्यापीठाने मिळून केलेला हा वाण २०१८ मध्ये आला, जास्त लोह-जस्त असलेली देशातली पहिली ज्वारी. किलोमागे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त. नेहमीच्या ज्वारीत ते साधारण ३० आणि २० असतं. मला हे आकडे फार मोलाचे वाटतात, कारण आमच्या भागात रक्त कमी नाही अशी बाई शोधावी लागते. मामांनी दाणे तळहातावर फिरवले आणि विचारलं, "भाकरी दुसऱ्या दिवशी मऊ राहती का? अन् कडबा किती निघतो?" तिथल्या तरुण संशोधकाने सरळ उत्तर दिलं की भाकरी चांगली होते, पण मालदांडी या जुन्या ज्वारीची सवय असलेल्या जिभेला फरक कळतो. मामा खूश झाले. त्यांना खोटं न बोलणारा माणूस आवडतो. दोन किलो बी कधी मिळेल ते वहीत लिहून घेतलं.

मग ड्रोन. जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याच्या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून परभणीत डिजिटल शेतीचं केंद्र उभं राहिलं, त्यात ड्रोन आणि रोबोट आले. आम्ही गेलो तेव्हा मोकळ्या रानात उडवायचा सराव चालू होता. उडवणारी मुलगी गंगाखेडकडच्या एका खेड्यातली, वडील सालगडी. "एकर किती मिनटात?" मामांनी विचारलं. "सात-आठ मिनिटं, आजोबा, दहा लिटर पाण्यात. पण मी आधी वारा बघते. लोक घाई करतात. वारा असला की मी उडवतच नाही, पैसे गेले तरी." तिने मूठभर माती वर टाकून वाऱ्याची दिशा दाखवली. एवढं महागडं यंत्र हातात, आणि खात्री मातीवर! तिला नेहमी नवं काही उडवायला मिळो, एवढंच मनात आलं.

त्याच आवारात बैलांच्या अवजारांचंही संशोधन चालतं. पशुशक्तीच्या योग्य वापराची अखिल भारतीय योजना इथे बऱ्याच वर्षांपासून आहे. बैलाने ओढायचं खत-पेरणी यंत्र, फवारणी यंत्र, खांद्याला कमी काचेल असं जू. मामा ड्रोनपाशी दहा मिनिटं थांबले आणि त्या जुवापाशी तासभर. त्यांनी जू उचललं, खांद्यावर ठेवून पाहिलं, खिळ्याची जागा बोटाने दाखवली आणि म्हणाले, "हितं दोन बोटं खाली घ्या, बैलाची मान वळताना घासतंय." ऐकणाऱ्या कर्मचाऱ्याने ते लिहून घेतलं. दोन दिवस मामा फक्त शिकत होते. परभणीत ते शिकवून आले.

जेवताना मी मामांना शेतीशाळेचं सांगितलं. आपल्याकडे कृषी विभाग आणि पोकरा बांधावर भरवतात त्या शेतीशाळेचं मूळ इंडोनेशियात आहे. ऐंशीच्या दशकात तिथल्या भातावर तपकिरी तुडतुड्यांनी धुमाकूळ घातला होता. त्यानंतर १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने शेतकऱ्यांना गटाने रानात बसवून किडी आणि मित्रकिडी मोजायला शिकवलं. पोकरा म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पही जागतिक बँकेच्या कर्जाचा, पहिल्या टप्प्यात १५ जिल्ह्यांतली ५,१४२ गावं. मामा म्हणाले, "आमच्या शेतीशाळेत बायका कमी असत्यात. टायमिंगच असं, सकाळी अकराला. तवा त्या खुरपायला." त्यांना हे सुचलं याचं मला बरं वाटलं.

विद्यापीठ बघायचं असेल तर १८ मेचा खरीप मेळावा किंवा १७ सप्टेंबरचा रब्बी मेळावा गाठा. गर्दी असते, पण बियाणं त्या दिवशी मिळतं आणि शास्त्रज्ञ शिवारात भेटतात.

चौथा दिवस: अंबाजोगाई

गंगाखेड सोडल्यावर टायर फुटलं. तासभर गेला. शेजारच्या रानातल्या बाईने न विचारता चहा आणून दिला आणि कप परत न्यायला आली तेव्हा ओंजळभर हरभऱ्याचे घाटे. अंबाजोगाईत योगेश्वरीचं दर्शन, मग सुशीला. चुरमुऱ्यांचा हा नाश्ता मराठवाड्याबाहेर कोणाला नीट जमत नाही.

आमचा खरा थांबा होता रेशमाच्या घरी. गावाबाहेर टेकाडावर अडीच एकर तुती, तिच्या कडेला हिरव्या जाळीचं संगोपनगृह, म्हणजे तुतीचा पाला घालून रेशमाच्या अळ्या वाढवायचं घर. दारातच चुन्याची फक्की आणि जंतुनाशकाचं तबक, चपला बाहेर. घरच्या ताईंनी आधी विचारलं, "आज-काल कुठं फवारलेल्या रानात गेलता का?" काल परभणीत गेलो होतो, असं सांगितल्यावर आम्हाला हातपाय धुवायला लावले आणि अंगावर दुसरे कपडे चढवायला लावले. अत्तर, अगरबत्ती, तंबाखूचा हात, काहीही त्या अळ्यांना चालत नाही. तुम्ही गेलात तर हे लक्षात ठेवाच.

आत रॅकवर अळ्या फांद्यांवर पसरलेल्या. पानं तोडून देण्याऐवजी अख्खी फांदी ठेवायची ही पद्धत, त्यात मजूर फार वाचतात. या रेशमामागे जपान आहे. आपल्याकडे पूर्वी दक्षिणेत पिवळसर कोषांचा संकर चालायचा. उन्हाळी हवेत पांढरा, लांब धाग्याचा दुबार (वर्षाला दोन पिढ्या देणाऱ्या जातीचा) कोष निघत नाही अशी समजूत होती. १९९१ पासून २००७ पर्यंत जपानच्या 'जायका' संस्थेने केंद्रीय रेशीम मंडळाबरोबर काम केलं. म्हैसूरला 'सीएसआर' जाती तयार झाल्या, संगोपनगृहं कशी बांधायची, जंतू कसे मारायचे, अळ्यांची चॉकी, म्हणजे अगदी कोवळी अवस्था, कशी सांभाळायची, हे सगळं शेतकऱ्यांपर्यंत नेलं गेलं. ते काम कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूत झालं. मराठवाड्यात त्या काळी रेशीम नावालाच होतं. आज इथल्या घरांत वाढते ती त्याच जातींच्या संकराची अळी. आधी इथले लोक कोष घेऊन रात्रभर गाडी चालवत कर्नाटकातल्या रामनगरला जात. २०१८ मध्ये जालन्यात बाजार सुरू झाला.

ताईंना जपानचं काही माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं ते हे: अळी कात टाकायला लागली की खाणं सोडते, डोकं वर करून स्थिर बसते. तेव्हा पाला टाकायचा नाही, चुन्याची पूड भुरभुरायची म्हणजे बेड कोरडा राहतो. शंभरातल्या पंच्याण्णव उठल्या की मगच पाला. "पाच जणी उशिरा उठतात, त्यांच्यासाठी थांबलं तर बाकीच्या उपाशी राहतात. घाई केली तर त्या पाच मागं पडतात अन् सगळा माल वरखाली होतो." हे ठरवायला त्या फक्त हात फिरवतात. तळव्याला गार लागलं की अजून बसलेल्या, असं त्या म्हणाल्या. मी हात फिरवला, मला काही कळलं नाही. हिवाळ्यात रात्री दोनला उठून त्या शेगडी बघतात, कारण पंचविसाच्या खाली तापमान गेलं की अळी सुस्तावते. शंभर अंडीपुंजांना (एका मादीची अंडी म्हणजे एक पुंज) सत्तर किलोपर्यंत कोष त्यांनी काढलेत. बँकेच्या पासबुकावर नाव यजमानांचं.

एक कथा ऐकून माझ्या काळजात चर्र झालं. गेल्या वर्षी शेजारच्या कापसावर ड्रोनने फवारणी झाली. वारा तुतीकडे. दुसऱ्या दिवशी तो पाला घातला आणि संध्याकाळपर्यंत अळ्या तोंडातून हिरवं पाणी टाकू लागल्या. सगळी बॅच खड्ड्यात पुरावी लागली. उडवणारा कोण, कुठल्या कंपनीचा, हे विचारूनही काही हाती लागलं नाही. मला परभणीची ती मुलगी आठवली, मूठभर माती वर टाकणारी. ड्रोन येताना वाऱ्याचं शिक्षण त्याच्याबरोबर आलं पाहिजे आणि शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगण्याचा रिवाजही. निदान तुतीच्या गावात तरी ही अट लेखी असावी, असं मी तिथल्या कृषी सहायकांना फोन करून सांगितलं. त्यांनी ग्रामसभेत विषय घ्यायचं कबूल केलंय.

निघताना मामा तुतीच्या बुंध्याशी बसले. जमीन मुरमाड, तरी मुळांनी धरून ठेवलेली. "पुरात हे उभं राहिलं का?" यजमान म्हणाले, आमचं टेकाडावर, पाणी थांबलंच नाही. मामांनी काही न बोलता वहीत एक ओळ लिहिली. संध्याकाळी कळंबला पोचेपर्यंत ते हिशेबच करत होते: कुठल्या वावरात, विहिरीपासून किती लांब.

पाचवा दिवस: वेळ अमावस्या

पहाटे तीनपासून मामी चुलीपाशी होत्या. भज्जीला किती जिन्नस लागतात ते मी मोजायचा प्रयत्न केला: तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, वाटाणा, शेंगदाणे, मेथी, पात, चिंच, बेसन... पुढे मोजदाद सुटली. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या आणि मोठ्या मडक्यात आंबील. सगळं डोक्यावर घेऊन रानात. कडब्याची कोप, आत चुन्याने रंगवलेले पाच पांडव, पूजा झाल्यावर रानाला फिरून आंबील शिंपडली. उशिरा पेरलेली ज्वारी कमरेएवढी होती. खरडून गेलेल्या तुकड्याच्या कडेलाही मामींनी आंबील शिंपडली. तिथे पीक नव्हतं, तरी.

शेजारच्या रानातल्या काकू जेवायला आल्या, येताना टोपलीभर भाजी घेऊन. भज्जीतला निम्मा माल त्यांच्याच एकरातला होता. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर या भागात बायकांचं संघटन उभं करणाऱ्या प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' संस्थेच्या त्या सखी, म्हणजे गावातल्या कार्यकर्त्या. संस्थेची पद्धत साधी आहे: बाईने घरात बोलून एक एकर मागून घ्यायचं, त्यात आधी खायचं पिकवायचं. भाज्या, डाळी, भरडधान्य, घरचं बी, घरचं खत. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने या कामाला इक्वेटर पुरस्कार दिला. काकूंना सगळ्यात कठीण काय गेलं? "एकर मागणं," त्या म्हणाल्या. "पिकवायला काय, जन्मभर तेच केलंय." एकदा आफ्रिकेतल्या बायका त्यांचं रान बघायला आल्या होत्या. भाषेचा पत्ता नाही. दुभाषा एका बाजूला राहिला आणि ह्या दोघी-तिघी वांग्याच्या बुंध्याशी बसून मुळं उकरून एकमेकींना दाखवत राहिल्या. त्यातल्या एकीने मिश्रपिकाच्या ओळी कशा आडव्या घ्यायच्या ते काठीने मातीत काढून दिलं, आणि काकू ती पद्धत अजून वापरतात.

जेवणं झाली. मामांनी वही काढली आणि विषय मांडला. विहिरीजवळच्या एकरात तुती, शेड कर्ज काढून, चॉकी जालन्याहून किंवा अंबाजोगाईहून. मामी ऐकत होत्या. मी अंबाजोगाईच्या ताईंचं सांगितलं, तो तळवा फिरवून बघायचा प्रकार, रात्री दोनची शेगडी.

"म्हणजे करायचं मीच," मामी म्हणाल्या.

मामा काही बोलले नाहीत.

"करते की. पण मग त्या एकराला नाव माझं लागंल. अन् बांधाच्या कडंनी दोन गुंठे भाजी, तिला फवारा न्हाई."

"विहिरीजवळचं?" मामांनी विचारलं. सहा एकरात तेच सगळ्यात चांगलं वावर आहे.

"मग काय खरडून गेलेलं देता?"

काकू हसल्या. मामांनी वहीत बघितलं, विहिरीकडे बघितलं, मग पेन मामींपुढे धरलं. "लिही तूच. मला चष्मा सापडंना."

चष्मा त्यांच्या खिशातच होता. अंधार पडताना पोरांनी कडब्याची पेंढी पेटवून रानाभोवती धावायला सुरुवात केली, आणि मामी वहीवर उजेड पडावा म्हणून थोड्या तिकडे सरकल्या. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्या आठ दिवस अंबाजोगाईला ताईंकडे राहायला जाणार आहेत. घरची म्हैस तेवढे दिवस मामांनी सांभाळायचं ठरलंय.